मंदीत महागडी मोटार : व्यापारी आणि कारागिरांसाठी एक अभ्यास

तेजी-मंदी हा व्यापाराचा स्वभावच आहे. तेजीत सर्वच जण शहाणे दिसतात. मंदी आली म्हणजे मात्र कोणाची वही पक्की आणि कोणाची कच्ची, हे उघडे पडते. या लेखात आम्ही अशा एका मालाचा अभ्यास मांडणार आहोत, जो आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या दारात कधी उभा राहणार नाही. तो माल म्हणजे कोट्यवधी रुपयांची स्पोर्ट्स कार. कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे कारण आमच्याच बाजारात आहे.

गेल्या काही वर्षांत कोल्हापूर-इचलकरंजीच्या कापड बाजारात एक समज बळावत चालला आहे. "गरिबाला मंदी असते, श्रीमंताला नसते, तेव्हा साधा माल काढून टाका आणि भारी माल भरा," असे तरुण व्यापारी बोलू लागले आहेत. काहींनी उसनवारी करून दुकानाचे रूप पालटले. रोज खपणारे परकर, लुंग्या, चादरी, शर्टिंग मागे गेले आणि काचेच्या कपाटात भारी शालू व शेरवान्या आल्या. या समजाला आधार म्हणून महागड्या मोटारींचे उदाहरण हमखास दिले जाते. म्हणून ते उदाहरणच तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

२०१९ चे आकडे

आपल्या जिल्ह्याला २०१९ हे साल विसरता येणार नाही. ऑगस्टमध्ये महापूर आला. त्याआधीपासूनच शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांमध्ये काम आटले होते. पाळ्या कमी झाल्या, कंत्राटी कामगारांना घरी बसावे लागले. आपल्या फौंड्र्यांचे बरेचसे कास्टिंग ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींच्या कारखान्यांना जाते, आणि त्या कारखान्यांचाच माल उठत नव्हता.

देशात २०१८-१९ या आर्थिक वर्षात प्रवासी मोटारींची विक्री सुमारे ३३ लाख ७७ हजार होती. २०१९-२० मध्ये ती सुमारे २७ लाख ७३ हजारांवर आली, म्हणजे जवळपास १८ टक्क्यांची घट. ट्रक-टेम्पो यांसारखी व्यापारी वाहने १० लाख ७ हजारांवरून ७ लाख १७ हजारांवर आली. ही घट जवळपास २९ टक्क्यांची होती. कारणे अनेक होती. सप्टेंबर २०१८ पासून कर्ज देणाऱ्या खाजगी वित्तसंस्था अडचणीत आल्या आणि गाडीला कर्ज मिळणे कठीण झाले. त्याच वर्षी ट्रकच्या धुरीवरील भाराची मर्यादा सरकारने वाढवली. तितकाच माल कमी ट्रकांत जाऊ लागला, त्यामुळे नव्या ट्रकची गरज घटली. शिवाय एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मापदंड लागू होणार होते, म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिले.

आता दुसरी बाजू पाहू. याच २०१९ सालात इटलीच्या लॅम्बोर्गिनी कंपनीने भारतात ५२ गाड्या विकल्या. तोपर्यंतची ती तिची भारतातील सर्वांत मोठी विक्री होती. एका गाडीची किंमत सुमारे तीन कोटी किंवा त्याहून जास्त. हाच आकडा दाखवून लोक म्हणतात की श्रीमंताला मंदी नसते.

परंतु जरा थांबावे. पुण्याजवळ चाकण येथे कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने २०१८ मध्ये देशात १५,५३८ गाड्या विकल्या होत्या. २०१९ मध्ये त्या १३,७८६ झाल्या. मर्सिडीजचा गिऱ्हाईकही श्रीमंतच असतो. मग एकाची विक्री वाढली आणि दुसऱ्याची का घटली? नुसत्या श्रीमंतीने याचे उत्तर मिळत नाही.

उत्तराचा एक भाग असा, की लॅम्बोर्गिनीने जानेवारी २०१८ मध्ये 'उरुस' नावाची उंच, चार दारांची, आपल्या रस्त्यांवर चालेल अशी नवी गाडी भारतात आणली होती. ज्याच्याकडे पैसा होता, पण बुटकी दोन आसनी गाडी खड्ड्यांतून चालवायची हिंमत नव्हती, त्याच्यासाठी तो नवा नमुना होता. दुसरा भाग असा, की या गाड्या बहुतांशी मागणी नोंदवून घेतल्यावर बनतात. रंग, कातडे, चाके गिऱ्हाईक सांगतो, आगाऊ रक्कम भरतो आणि काही महिने वाट पाहतो. विक्रेत्याच्या आवारात शंभर गाड्या धूळ खात उभ्या नसतात. ही दुसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे.

२००८-०९ : श्रीमंतही हात आखडतो

श्रीमंताला मंदी नसते हे खरे असते, तर २००८ च्या जागतिक मंदीत ते दिसले असते. लॅम्बोर्गिनीने दहा वर्षे सतत उत्पादन वाढवत नेले होते. २००८ मध्ये जगभरात तिच्या २,४३० गाड्या गेल्या. २००९ मध्ये १,५१५ आणि २०१० मध्ये १,३०२. दोन वर्षांत विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. १९९८ पासून ही कंपनी जर्मनीच्या आउडीच्या मालकीची होती. पाठीशी असे मोठे घर नसते, तर काय झाले असते याची कल्पना करावी.

त्याच इटलीत, तासाभराच्या अंतरावर, फेरारीचा कारखाना आहे. तिच्या गाड्या २००८ मध्ये ६,५८७ गेल्या आणि २००९ मध्ये ६,२५०. घट फक्त पाच टक्के. गिऱ्हाईक एकाच वर्गातले, देश एक, मंदी एक. फरक धोरणात होता. बाजाराला जितक्या गाड्या हव्यात त्यापेक्षा एक कमी बनवावी, हे संस्थापक एन्झो फेरारी यांचे सूत्र म्हणून सांगितले जाते. त्यामुळे फेरारीकडे वाट पाहणाऱ्यांची यादी नेहमी लांब असे. मंदीत यादीतले काही गळाले, तर मागचे पुढे सरकले. शिवाय २००८ च्या अखेरीस तिने 'कॅलिफोर्निया' हे नवे मॉडेल आणून नवे गिऱ्हाईक जोडले होते.

हे धोरण पुढेही दिसले. २०१२ मध्ये ७,३१८ गाड्या गेल्या, तेव्हा आकडा फार वाढू नये म्हणून कंपनीने मुद्दाम हात आखडला. २०१३ मध्ये ६,९२२ गाड्याच दिल्या. नग कमी झाले, पण उत्पन्न मात्र सुमारे पाच टक्क्यांनी वाढले.

आता महाग माल मंदीत का थबकतो ते पाहू. गहू, तेल, मुलांच्या शाळेचा गणवेश यांची खरेदी पुढे ढकलता येत नाही. चैनीची खरेदी मात्र आज नाही तर पुढच्या वर्षी करता येते. श्रीमंत मनुष्य गरीब होत नाही, पण तो थांबतो. आपल्या कारखान्यातून माणसे कमी करायची आणि त्याच आठवड्यात नवी गाडी दारात आणायची, हे कित्येकांना लाजिरवाणेही वाटते. शिवाय ज्याला तातडीने पैसा हवा असतो तो आपली जुनी गाडी विकायला काढतो, आणि जुनी स्वस्त मिळू लागली की नवीचा भाव टिकत नाही.

गोदामात उभा असलेला माल

मागणी नसताना माल बनवत राहिल्याने काय होते, त्याचे मोठे उदाहरण डीलोरियन या गाडीचे आहे. जॉन डीलोरियन हे अमेरिकेच्या मोटार धंद्यातील नावाजलेले इंजिनिअर होते. ब्रिटिश सरकारचा पैसा घेऊन त्यांनी उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ कारखाना काढला. १९८१ मध्ये पोलादी पत्र्याची, वर उघडणाऱ्या दारांची गाडी बाजारात आली. किंमत २५ हजार डॉलर. त्या वेळी अमेरिकेत मंदी होती. विक्री मंदावत असताना कारखान्याने उत्पादन वाढवले. न विकलेल्या गाड्यांत भांडवल अडकले, फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनीचा ताबा सरकारने नेमलेल्यांकडे गेला आणि त्या वर्षअखेर सर्व संपले. एकंदर सुमारे नऊ हजार गाड्या बनल्या. पुढे एका सिनेमामुळे ती गाडी जगप्रसिद्ध झाली, पण तोवर कारखान्याला कुलूप लागून तीन वर्षे होत आली होती.

याच्या उलट उदाहरण जर्मनीच्या पोर्शचे. १९८६ मध्ये ही कंपनी वर्षाला सुमारे ५० हजार गाड्या विकत होती आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत जात. पुढे डॉलर घसरला, १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला, मग मंदी आली. १९९३ च्या सुमारास विक्री १४ हजारांवर आली. त्या वेळी वेंडेलिन वीडेकिंग हे प्रमुख झाले. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी जाणकार बोलावले. कारखान्यात सुट्या भागांची उंचच उंच मांडणी होती आणि कामगार शिडी लावून भाग शोधत बसत. वीडेकिंग यांनी स्वतः करवत हातात घेऊन त्या मांडणीचा वरचा अर्धा भाग कापून टाकला. ठेवायला जागाच नाही म्हटल्यावर जास्तीचा माल येणे बंद झाले. अडकलेला पैसा मोकळा झाला. १९९६ मध्ये त्यांनी 'बॉक्स्टर' ही तुलनेने स्वस्त गाडी काढली आणि तिचे कित्येक भाग आपल्या महाग गाडीशी सामाईक ठेवले. कंपनी सावरली.

माल खपत होता, पण कर्जाने घात केला

पोर्शची गोष्ट येथेच संपली असती तर फार बरे झाले असते. परंतु तिचा उत्तरार्धही व्यापाऱ्याने वाचलाच पाहिजे. भरभराट झालेल्या या कंपनीने आपल्यापेक्षा कितीतरी मोठी फोक्सवॅगन कंपनी विकत घेण्याचा घाट घातला. त्यासाठी प्रचंड कर्ज उचलले. २००८ मध्ये बँकांनी हात आखडते घेतले आणि २००९ मध्ये पोर्शवर ९ अब्ज युरोंहून अधिक कर्ज उरले. जुलै २००९ मध्ये वीडेकिंग यांना पद सोडावे लागले. जी कंपनी गिळायची होती तिनेच पुढे, २०१२ पर्यंत, पोर्शचा मोटार धंदा पूर्णपणे आपल्याकडे घेतला.

लक्षात घ्यावे की पोर्शच्या गाड्या वाईट नव्हत्या. मंदीत विक्री घटली तरी गाड्या खपत होत्या. करवतीने मांडणी कापणाऱ्या माणसालाही कर्जाच्या ओझ्यातून वाट काढता आली नाही.

फटका मागे जाताना वाढतो

शोरूममध्ये विक्री १८ टक्क्यांनी घटली, तर आपल्या फौंड्रीवाल्याचे काम त्याहून कितीतरी जास्त का घटले, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, एक विक्रेता महिन्याला १०० नग विकतो आणि दोन महिन्यांचा, म्हणजे २०० नगांचा साठा ठेवतो. विक्री ८० वर आली. आता त्याला साठा १६० पुरेसा आहे. म्हणजे ४० नग त्याच्याकडे जास्तीचे झाले. त्या महिन्यात तो ८० विकेल, ४० साठ्यातून काढील आणि कारखान्याकडे फक्त ४० मागवील. दुकानात घट २० टक्के, कारखान्याच्या ऑर्डरीत घट ६० टक्के! कारखानाही आपला कच्चा माल असाच आधी संपवतो, तेव्हा कास्टिंगवाल्याच्या वाट्याला त्याहूनही कमी येते.

इचलकरंजीचा यंत्रमागधारक हे दरवेळी भोगतो. मुंबई-अहमदाबादच्या पेठेत थोडी मंदी आली की येथे सांचे आठ-आठ दिवस बंद पडतात. मधल्या प्रत्येक टप्प्यावर साठा असतो, आणि प्रत्येक जण आधी आपला साठा उपसतो. फेरारीच्या मधल्या टप्प्यात साठाच नाही. नोंदलेली मागणी थेट कारखान्यात जाते. तिला फटका कमी बसण्याचे एक मोठे कारण हेच.

आपल्या पेढीला हे कसे लागू करावे

येथे कोणी म्हणेल, की लुंगीसाठी कोण सहा महिने वाट पाहतो? बरोबर आहे. रमजान आणि लग्नसराईच्या आधी माल दुकानात असलाच पाहिजे. गिऱ्हाईक रिकाम्या दुकानात थांबत नाही. म्हणून मालाचे दोन भाग करावेत असे आम्ही सुचवतो. एक चालू माल आणि दुसरा शौकाचा माल. चालू माल साठ्यात असावा, पण फिरता असावा. शौकाचा माल मात्र नमुन्यावर दाखवावा, बयाणा घ्यावा आणि मग मागवावा किंवा बनवून घ्यावा. बयाणा न देणारा गिऱ्हाईक मंदीत हमखास परत फिरतो.

आकड्यांत समजून घेऊ. समजा, दोन व्यापाऱ्यांनी प्रत्येकी १० लाखांचा माल भरला. पहिल्याचा माल भारी, नफा २५ टक्के, पण भांडवल वर्षातून एकदाच फिरते. त्याचा नफा अडीच लाख. दुसऱ्याचा माल साधा, नफा १० टक्के, पण भांडवल वर्षात चार वेळा फिरते. त्याचा नफा ४ लाख. आता मंदी आली. पहिल्याचा निम्माच माल गेला. नफा सव्वा लाख आणि पाच लाखांचा माल फॅशन उलटण्याची वाट पाहत कपाटात. दुसऱ्याचे भांडवल चारऐवजी तीन वेळा फिरले. नफा ३ लाख आणि पैसा हातात. भांडवल उसने आणलेले असेल आणि त्यावर सालाना १८ टक्के मोजावे लागत असतील, तर ती रक्कम १ लाख ८० हजार होते. दुसरा तग धरील. पहिल्याला मात्र नफ्याच्या वर ५५ हजार घरातून घालावे लागतील. दुकानभाडे आणि नोकरांचा पगार यात धरलेलाच नाही.

भारी माल ठेवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तो स्वतःच्या पैशाने, थोडा आणि नव्या नमुन्यांचा ठेवावा.

कारागिरांसाठी दोन शब्द

कारागिराकडे मालाचा साठा थोडा असतो. त्याचा धोका वेगळाच आहे : एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणे. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हे मुळात ट्रॅक्टर बनवणारे. १९६३ मध्ये त्यांनी मोटारींचा कारखाना काढला. ट्रॅक्टरच्या पैशावर मोटारींचा डौल चालत होता. १९७० नंतर दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाची ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर रद्द झाली आणि त्यांचा धंदा हादरला. त्यांनी ट्रॅक्टरचा कारखाना विकला, मोटार कारखान्यातील निम्म्याहून अधिक हिस्सा १९७२ मध्ये आणि उरलेला १९७४ मध्ये विकला. १९७८ मध्ये त्या मोटार कंपनीचे दिवाळे निघाले. एक ऑर्डर गेली आणि दोन्ही कारखाने मालकाच्या हातून गेले.

आपल्याकडे २०२०-२१ मध्ये मोटारींची विक्री आणखी घटली, पण त्याच वर्षी देशात ट्रॅक्टरची विक्री सुमारे ९ लाखांपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या उच्चांकावर गेली. ज्या फौंड्रीकडे मोटारींबरोबर ट्रॅक्टरचेही काम होते, तिची भट्टी पेटती राहू शकली. हाच नियम सर्वांना लागू आहे. खर्चीवाल्या यंत्रमागधारकाने एकाच व्यापाऱ्याच्या सुतावर सर्व माग चढवू नयेत. हुपरीच्या चांदी कारागिराने एकाच पेढीची घडणावळ धरून बसू नये. चपलेचा कारागीर फक्त पर्यटकांच्या हंगामावर राहिला, तर २०२० च्या टाळेबंदीत काय झाले ते त्याने पाहिलेच आहे. कच्चा माल समोरच्याने द्यावा आणि आपण मजुरी घ्यावी, ही पद्धत मंदीत सुरक्षित आहे. फक्त मजुरीची धारा, म्हणजे पैसे मिळण्याची मुदत, आधी ठरवून लिहून घ्यावी.

स्वाध्याय

वाचकांनी आजच वही उघडून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१) माझ्या दुकानातील किती माल सहा महिन्यांहून जुना आहे आणि त्यात किती रुपये अडकले आहेत?

२) माझे भांडवल वर्षातून किती वेळा फिरते?

३) भारी मालापैकी किती माल बयाणा घेऊन मागवला आणि किती नुसत्या अंदाजाने?

४) भांडवलात स्वतःचे किती आणि उसने किती? विक्री निम्मी झाली तर उसन्याचा हप्ता कोठून देणार?

५) माझ्या कामापैकी निम्म्याहून अधिक काम एकाच गिऱ्हाइकाकडून येते काय?

जाता जाता एक आकडा. २०२० मध्ये लॅम्बोर्गिनीची भारतातील विक्री ५२ वरून ३७ वर आली आणि २०२१ मध्ये ६९ झाली. थांबलेला गिऱ्हाईक परत येतो. प्रश्न एवढाच आहे, की तो परत येईपर्यंत आपले दुकान उघडे राहील काय? वरच्या पाच उत्तरांत ते लिहिलेले आहे.